फातिमाचा उल्लेख आणि जोतीरावांचे कागद

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रात एक मुन्शी येतात आणि दोन-चार ओळींत निघून जातात. त्यांचे नाव गफार बेग मुन्शी. उर्दू-फारसी शिकविणारे, फुल्यांच्या शेजारी राहणारे. कोणा कारकुनाने कान भरले म्हणून गोविंदरावांनी मुलाची शाळा बंद केली व त्याला मळ्यात कामाला लावले. तेव्हा या मुन्शीजींनी आणि लिजिट नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊ लागले. पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मुन्शीजींचे पुढे काय झाले, त्यांच्याकडे किती मुले शिकली, हे मात्र चरित्रकार सांगत नाहीत. मुन्शीजींनी स्वतः काही लिहून ठेविल्याचेही कोणी नमूद केलेले नाही.

आम्ही गंगापूर तालुक्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकविणारी मंडळी. जानेवारी महिना आला की आमच्या शाळांतून दोन तसबिरी पुसून ठेवल्या जातात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले, ९ जानेवारीला फातिमा शेख. मुली भाषणे पाठ करतात. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, सनातन्यांच्या दबावामुळे गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले, गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, उस्मानभाईंची बहीण फातिमा सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागली, असा तो क्रम आहे. भाषण संपले की टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि तसबीर कपाटावर जाते. यात वाईट काही नाही. आमच्या मुलींना आपल्या नावाची एक उस्तानी इतिहासात दिसते, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

परंतु जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एका प्रसिद्ध पत्रकाराने जाहीर केले की, फातिमा शेख नावाची कोणी बाई झालीच नाही, ते पात्र मी निर्माण केले. तीनच वर्षांपूर्वी, ९ जानेवारी २०२२ रोजी, गुगलने आपल्या पहिल्या पानावर फातिमाबींचे चित्र लावले होते. तेव्हा हर्षाने एकमेकांना संदेश पाठविणारे आमचे अनेक बांधव या दाव्यापुढे गोंधळून गेले. रागावले बरेच, पण उत्तर काय द्यावे हे फारच थोड्यांना माहीत होते. उत्तर तर आमच्याच राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलेल्या पुस्तकात होते. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे आहे आणि त्या पत्रात फातिमाचे नाव आहे. जे नाव १९८८ साली मराठीत छापले गेले, ते इंटरनेटच्या जमान्यात कोणी कसे निर्माण करणार?

ते पत्र शांतपणे वाचावे असे आहे. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, नायगावला गेल्या आहेत. भाऊ त्यांची सेवाशुश्रूषा करतो आहे. परंतु महार-मांगांना शिकविता, म्हणून तोच भाऊ जोतीरावांना बोलही लावतो आहे. त्याला आपण काय उत्तर दिले, हा पत्राचा मुख्य भाग. त्याआधी, तब्येतीच्या मजकुरात, सावित्रीबाई सहज लिहून जातात की, आपण तेथे नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एवढेच. आडनाव नाही, उस्मानभाईंचे नाव नाही, शाळेचा शब्दही त्या ओळीत नाही. मात्र पत्नी दूर असताना जिच्यावर कामाचा भार पडतो, आणि पती-पत्नी दोघांनाही जिचा स्वभाव पक्का ठाऊक आहे, अशी ही स्त्री त्यांच्या रोजच्या कामातली होती, हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. 'ती कुरकुर करणार नाही' हे विधान पाहुणीविषयी कोणी करीत नाही.

येथे एक गोष्ट आपसात स्पष्ट बोलली पाहिजे. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख सर्वत्र छापली जाते, पण तिच्यामागे त्या काळातला कागद कोणी पुढे ठेवलेला नाही. जुन्या निगेटिव्हवरून छापलेल्या समूह-फोटोत सावित्रीबाईंच्या शेजारची स्त्री फातिमा असे मानले जाते; मानले जाते, इतकेच म्हणता येते. उस्मान शेख यांच्या घराची हकीकत चरित्रकारांच्या परंपरेने आलेली आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही. पण परंपरा आणि कागद यांत फरक असतो. आम्ही मुसलमान शिक्षकांनी फातिमाबींवर प्रेम पुष्कळ केले, संशोधन केले नाही. तारीख ठरविली, तसबीर केली, आणि पत्र वाचले नाही. म्हणून कोणी एक माणूस उठून 'हे मी रचले' असे म्हणू शकला, आणि आम्ही दोन दिवस एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

एखाद्या उल्लेखाचे काय करावयाचे असते, हे खुद्द जोतीरावांच्याच एका नाटकाच्या हकीकतीवरून शिकण्यासारखे आहे. 'गुलामगिरी' या १८७३ सालच्या ग्रंथात जोतीराव सांगतात की, १८५५ साली आपण एक नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले होते, पण कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे ते नामंजूर झाले. शंभर वर्षे या नाटकाचे अस्तित्व म्हणजे हा उल्लेखच होता. १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' संपादित केले, त्यातही हे नाटक नव्हते. मात्र 'नाटक लिहिले होते' या वाक्यावर विश्वास ठेवून शोध करणारी माणसे होती. हस्तलिखित सापडले आणि १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात 'तृतीय रत्न' छापले गेले. लिहिल्यापासून १२४ वर्षांनी. मराठी नाटकाच्या इतिहासाला त्यामुळे आपली पाने पुन्हा लिहावी लागली.

फातिमाबींचा उल्लेखही तसाच, कोणी शोध करावा म्हणून थांबलेला आहे असे आम्हांस वाटते.

जोतीरावांचे बाकीचे कागद तरी आपोआप थोडेच टिकले? त्यांच्या हयातीत त्यांना मोठा प्रकाशक लाभला नाही. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ते छापून निघाले १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. पहिले चरित्र पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ मध्ये लिहिले, म्हणजे जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा. मधल्या काळात सत्यशोधक कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांतून, जलशांतून, घराच्या फडताळातून हा वारसा सांभाळला. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला, म्हणून आज ती विद्यार्थिनी आपल्याशी बोलते. छापले नसते तर तीही गफार बेग मुन्शींच्या रांगेत जाऊन बसली असती.

आता त्या नाटकाविषयी थोडे. एक गरीब कुणबी आणि त्याची गरोदर बायको. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्यांना कर्जात बुडवितो. मग एक पाद्री त्यांच्याशी बोलतो. विदूषक मध्ये मध्ये टोचून बोलत असतो. हळूहळू त्या नवरा-बायकोला आपण फसलो हे कळत नाही, तर का फसलो हे कळते, आणि शेवटी दोघेही जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतात. आम्ही बी.एड.ला असताना पावलो फ्रेअरी या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञावर चार गुणांची टीप पाठ केली होती. १९६३ साली अंजिकोस या गावी त्यांनी सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत वाचावयास शिकविले. सुरुवात अ-आ-इ पासून नव्हे, तर 'वीट' यांसारख्या त्यांच्या रोजच्या शब्दांपासून केली. वीट कोण भाजतो, घर कोणाचे होते, अशी चर्चा अक्षराबरोबर चाले. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेअरींना आधी तुरुंग, मग सुमारे पंधरा वर्षे परदेश घडला. पिचलेल्यांच्या शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ त्या वनवासातच लिहिला गेला. २०१२ साली त्यांच्या देशाने त्यांना शिक्षणाचे अधिकृत प्रणेते म्हणून गौरविले, आणि २०१९ मध्ये सत्तेवर आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांनाच शिव्या दिल्या. फ्रेअरींच्या जन्माच्या ६६ वर्षे आधी पुण्यात एका २८ वर्षांच्या माळ्याने हाच विचार नाटकात मांडला होता, हे मात्र आमच्या बी.एड.च्या पुस्तकात नव्हते.

फ्रेअरींच्या अनुभवातील एक गोष्ट आम्हां उर्दू शिक्षकांना फार जवळची आहे. आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात त्यांच्या पद्धतीने साक्षरतेचे काम झाले, ते पोर्तुगीज भाषेत. लोकांच्या तोंडी होती क्रिओल. काम फसले. जोतीरावांच्या बाबतीत भाषेची गोष्ट उलट बाजूने घडली. ते लोकांच्या बोलीत लिहीत, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची टिंगल केली. शहाण्या मंडळींना ऱ्हस्व-दीर्घ दिसले. शेतकऱ्याचा आसूड दिसला नाही.

आमच्या वर्गातली पोरे घरी दखनी बोलतात. 'हौ', 'नक्को', 'कायकू' ही त्यांची भाषा. त्यातला 'नक्को' तर मराठीशी नाते सांगणारा शब्द. पोरगे वर्गात तोंड उघडते आणि आम्ही शिक्षक त्याला पहिल्याच वाक्याला अडवितो, की बेटा, असे नाही, 'नहीं' म्हणायचे. वर्षभरात ते पोरगे बरोबर उर्दू बोलावयास शिकत नाही. गप्प बसावयास मात्र शिकते. चिपळूणकरांना नावे ठेवणे सोपे आहे. आमच्या लाल शाईत त्यांचा थोडा अंश उतरलेला आहे, हे कबूल करणे जड जाते. शुद्ध उर्दू शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. लखनौची जबान मुलाला यावीच. पण ती त्याच्या आईच्या बोलीवर पाय देऊन येता कामा नये.

उर्दूचा आमच्या भागातील इतिहासही या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. गंगापूरच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. जुन्या काळी कायगावला उभे राहिले की पलीकडे टोका, म्हणजे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचा. सत्यशोधक विचार पुणे, सातारा, नगर, जुन्नर भागांत फिरला, तेव्हा नदीच्या या तीरावर दरबार-कचेरीची भाषा आधी फारसी व मग उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झाले. आमचे वडीलधारे याचा अभिमान सांगतात, आणि तो खराही आहे. परंतु त्या विद्यापीठापर्यंत मराठवाड्यातला मराठी कुणबी पोहोचत नव्हता, आणि खेड्यातला मुसलमान पिंजारी, तांबोळी, अत्तारही पोहोचत नव्हता. १९४८ मध्ये संस्थान गेले, आणि त्या वर्षीच्या जखमा अनेक घरांत अजून बोलून दाखविल्या जात नाहीत. जी भाषा काल हुकूम सोडत होती, ती एका पिढीत गरिबाची झाली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. बाबासाहेब जोतीरावांना गुरू मानीत. शूद्र पूर्वी कोण होते यावरचा १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला आहे. मराठवाड्यात जोतीराव घराघरांत पोहोचले, ते बव्हंशी या वाटेने. मुसलमान मोहल्ला त्या वाटेवरच होता, पण आम्ही उंबऱ्यावरून पाहत राहिलो.

जोतीरावांनी मात्र आमच्याकडे पाहिले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर कमिशनला इंग्रजीत निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, ही त्यातली प्रसिद्ध मागणी. शिक्षकांविषयीही त्यात बरेच आहे. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराला हात लावण्याची ज्यांना लाज नाही असे असावेत; त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावी १५ किंवा २० रुपये द्यावा. शिक्षकाला नीट पगार दिल्याशिवाय नीट शाळा होत नाही, हे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या भावंडांना नव्याने सांगावयास नको! याच निवेदनात ते म्हणतात की, जातीय पूर्वग्रहांमुळे महार-मांगांना शाळांतून बसू देत नाहीत. आणि मुसलमानही या शाळांपासून दूर राहतात, कारण काही कारणाने त्यांना मराठी व इंग्रजीची आवड नाही. त्यांच्या भाषेत शिकविणाऱ्या थोड्याच शाळा आहेत.

'काही कारणाने' असे म्हणून जोतीराव थांबले. त्या कारणाचा शोध आम्ही घ्यावयास हवा होता. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की, ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुसलमान मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत, किंवा गळाली. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, म्हणजे जोतीरावांच्या मागणीनंतर १२७ वर्षांनी. वाळूजच्या कारखान्यांत, लासूरच्या बाजारात, उसाच्या फडावर जी पोरे दिसतात, त्यांच्या शाळा सुटण्याची कारणे आम्हांला नावानिशी माहीत असतात. परंतु ती आम्ही कुठे लिहीत नाही. गळती झाली की हजेरीपत्रकात नावावर रेघ ओढतो.

आणि ती हजेरीपत्रकेही जपत नाही. आमच्या पाहण्यातील एका शाळेत छप्पर बदलताना जुने कागद रद्दीवाल्याला गेले. जनरल रजिस्टर तेवढे दाखल्यांसाठी लागते म्हणून राहिले. गेलेल्या कागदांत उर्दूतून लिहिलेली शेरेबुके होती, संस्थानी काळातील शिक्षकांच्या सह्या होत्या. मोहल्ल्यामोहल्ल्यांत आपल्या ओसरीवर मुलींना कुरआन आणि त्याबरोबर थोडे लिहिणे-वाचणे शिकविणाऱ्या उस्तानी होत्या, काही आजही हयात आहेत. कोणा एकीची तरी हकीकत तारीख-वार लिहून घेतली आहे काय? १८५६ ची फातिमा सापडत नाही म्हणून आम्ही हळहळतो, आणि १९५६ च्या फातिमा आमच्या डोळ्यांदेखत जात आहेत. पुण्यात भिडे वाड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल लागला व जीर्ण वास्तू पाडून स्मारकाची वाट मोकळी झाली. स्मारक व्हावे. आमच्या तालुक्यात मात्र आधी एक कोरडे कपाट मिळाले तरी चालेल.

जपण्याइतकेच पसरविण्याचे काम आहे, आणि ते उर्दूत व्हावयास हवे. जोतीरावांनी 'मानव महंमद' हा अखंड रचला. पैगंबर साहेबांनी समतेसाठी काय सोडले आणि काय मोडले, याविषयी एका मराठी माळ्याने इतक्या आदराने लिहिले आहे. जलशात हा अखंड आम्ही आवडीने सांगतो. पण त्याच जोतीरावांनी ऐषारामात बुडालेल्या मुसलमान राज्यकर्त्यांना दोषही दिला आहे. तो भाग आम्ही सांगत नाही. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी असे घर कल्पिले आहे की, बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुरआन वाचून मुसलमान, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी, आणि सारे एकाच घरात प्रेमाने राहतात. आमच्यातील किती जण हे घर सोसू शकतील? शेजारच्या आळीतील तरी किती? असे लेखन निवडून, चाळून, गोड तेवढे घेऊन चालत नाही. पुरे छापावे आणि वाचणाऱ्याला भांडू द्यावे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण मराठीत आपले दुःख सांगत आहोत. मराठीतले हे धन उर्दूत नेण्याकडे आपले लक्ष कमीच गेले.

आम्ही तीन-चार शिक्षकांनी मिळून 'तृतीय रत्न'च्या तर्जुम्याला हात घातला आहे. रविवारी दुपारी बसतो, दोन पाने होतात. पहिल्याच बैठकीत वाद झाला तो कुणब्याच्या तोंडी कोणती भाषा घालावी यावर. एकाचे म्हणणे, पुस्तक छापले जाणार, उर्दू शुद्ध पाहिजे. शेवटी ठरले की जोशाला जड फारसी शब्दांची उर्दू द्यावी, आणि कुणब्याला व त्याच्या बायकोला आमच्या गावची दखनी. जोशी बोलू लागला की वर्गातल्या पोरांना निम्मे कळू नये, आणि बाई बोलू लागली की सारे कळावे. नावाचा निकाल अजून लागलेला नाही. तृतीय रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्येचा. 'तीसरी आँख' म्हणावे की पोरे म्हणतात तसे 'तिसरी आँक', यावर एकमत नाही. रात्रीच्या शाळेचा शेवटचा प्रवेश होईपर्यंत ते तसेच ठेवले आहे.